घरात 5.1 वर गाणी: नऊ महिन्यांनंतर

आधीच सांगतो, हा 5.1 संच, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा सबवूफर, मी सिनेमासाठी घेतला नाही. टीव्ही त्याला जोडलाय, पण तो घरच्यांच्या समाधानासाठी. मला गाणी ऐकायची होती. पंधरा वर्षं दोन स्पीकरवर ऐकल्यावर पाचांवर काय वेगळं लागतं, एवढीच उत्सुकता. संच साधाच आहे: एव्ही रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर), पुढचे दोन जुनेच स्पीकर, त्यांच्याच मालिकेतला सेंटर म्हणजे मधला स्पीकर, मागे दोन छोटे बुकशेल्फ आणि एक दहा इंची सबवूफर. खोली 4.3 मीटर लांब.

पहिला महिना वाया गेला. मागचे स्पीकर मी पाठीमागच्या भिंतीवर, कपाटाच्या डोक्यावर ठेवले, कारण जागा तिथेच होती. सिनेमातला पाऊस तिथून झकास पडायचा. गाण्यातला कोरस मात्र माळ्यावर कोंडून ठेवल्यासारखा यायचा. मग नीट वाचलं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची बीएस.775 नावाची शिफारस आहे, तिच्यात पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून 30 अंशांवर आणि मागचे 100 ते 120 अंशांवर सांगितलेत. म्हणजे 'मागचे' हे नावच फसवं. ते पाठीमागे नसतात, कानांच्या जरासे मागे, बाजूला असतात. शिवाय उंचीही साधारण कानाची. यासाठी भिंतीला टेकलेला सोफा 90 सेंटीमीटर पुढे ओढावा लागला. त्यावर घरात झालेल्या वाटाघाटी इथे देत नाही. दोन स्टँड आणि सतरंजीखालून वायर एवढ्यावर तह झाला.

सोफा पुढे आल्याचा एक फायदा मी धरलाच नव्हता. 4.3 मीटर लांबीच्या खोलीत 40 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी फुगतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. इतकी वर्षं मी भिंतीला डोकं लावून ऐकत होतो आणि बेस गिटार 'घुमते' म्हणून स्पीकरला दोष देत होतो! 90 सेंटीमीटरनी ते बरंच ताळ्यावर आलं. उरलेलं काम सबवूफरची जागा बदलून केलं. त्याची एक गमतीची पद्धत आहे: सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, सलग चालणारा बेस लावायचा आणि आपण भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत फिरायचं. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल तिथे सबवूफर. मुलगी दारात येऊन म्हणाली, "बाबा, काय हरवलं?" जागा सापडली ती डावीकडच्या भिंतीशी, कोपऱ्यापासून हातभर अलीकडे. कोपऱ्यात तो नुसता भोंगा होता. खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही तेव्हापासून वर येणं थांबवलंय.

रिसीव्हरसोबत आलेल्या मायक्रोफोनने मोजमाप करून घेतलं, पण त्यात मी दोनदा शहाणपणा केला. पहिल्यांदा, यंत्राने सबवूफरचं अंतर 5.6 मीटर दाखवलं. प्रत्यक्षात तो तीन मीटरवर. मी टेप लावून आकडा 'दुरुस्त' केला आणि ढोलाचा ठोका ढिसाळ झाला. त्या आकड्यात सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीरही धरलेला असतो. ध्वनी एका मिलीसेकंदात साधारण 34 सेंटीमीटर जातो, त्या हिशेबाने तो उशीर अंतर म्हणून दिसतो. आकडा परत होता तसा केला. दुसऱ्यांदा, यंत्राने उजव्या मागच्या स्पीकरच्या फेजबद्दल, म्हणजे त्याच्या वायरी उलट जोडल्यात अशी, तक्रार केली. असा इशारा कधी कधी खोटाही असतो हे वाचलेलं, म्हणून बिनदिक्कत पुढे गेलो. दोन महिने पाठीमागच्या साथीच्या आवाजांना ठावठिकाणाच नव्हता. ते कुठून येतात म्हणून मान वळवावी तर डोक्याच्या आतच असल्यासारखे वाटायचे. मग एकदा धूळ पुसताना दिसलं, पट्टी असलेली वायर बाकी सगळीकडे काळ्या टर्मिनलला आणि इथे लाल टर्मिनलला. अर्ध्या मिनिटाचं काम. इशारा खोटा नव्हता.

आता ऐकण्याबद्दल. सगळ्यात मोठा फरक मागच्या स्पीकरांनी केला असं लोक समजतात. माझ्या मते तो सेंटरने केला. दोन स्पीकरवर गायिका मध्ये उभी असल्याचा भास असतो, तुम्ही बरोबर मध्ये बसलात तरच. जरा सरकलात की ती जवळच्या स्पीकरकडे जाते. ज्या मिश्रणात (कोणता आवाज कुठल्या स्पीकरला जाईल हे ठरवून केलेल्या मिक्समध्ये) गाण्याचा आवाज सेंटरला दिलेला असतो तिथे ती जागची हलत नाही, मग सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्यालाही गाणं सरळ मिळतं. आणि आवाज असा एकटा आला की काहीच लपत नाही. ओळ सुरू व्हायच्या आधी ओठ सुटल्याचा बारीक 'टक्', मग श्वास, मग सूर. हे पंधरा वर्षं ऐकलेल्या ध्वनिमुद्रणात मी पहिल्यांदा ऐकलं.

मागच्या स्पीकरांची मजा मिश्रण करणाऱ्याच्या हातात असते. मैफलीच्या किंवा वाद्यवृंदाच्या चांगल्या मुद्रणात तिथे फक्त सभागृहाचा घुमारा असतो. तो मधूनच बंद केला तर पुढचा गायक एकदम कोरडा होतो, जणू त्याला कपड्यांच्या कपाटात उभं केलंय. उलट टोकाला काही मिश्रणं अशी की गिटार गरगर फिरते. पहिल्यांदा हसू येतं, तिसऱ्यांदा चीड.

स्रोतांचं प्रकरण किचकट आहे. सत्तरच्या दशकात चार चॅनेलच्या तबकड्या निघाल्या, पण एसक्यू, क्यूएस आणि सीडी-4 या परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धतींच्या गोंधळात बाजार बसला. त्यातली काही मिश्रणं पुढे एसएसीडीवर, म्हणजे अनेक चॅनेल मावणाऱ्या सीडीसारख्या तबकडीवर, आली, म्हणून मी एक जुना प्लेअर मिळवला. लक्षात ठेवा, एसएसीडीचा मल्टिचॅनेल आवाज ऑप्टिकल केबलमधून जात नाही. एचडीएमआय लागतं, नाहीतर सहा वेगळ्या अ‍ॅनालॉग वायरी. स्ट्रीमिंगवर 2021 पासून अ‍ॅपल म्युझिकने डॉल्बी अ‍ॅटमॉस, म्हणजे छतावरूनही आवाज देता येणारी सराउंड पद्धत, सुरू केल्यावर माल भरपूर झाला. माझ्याकडे छताचे स्पीकर नाहीत, तरी अ‍ॅटमॉसची गाणी पाचांवर नीट उतरतात. फक्त टीव्हीचं ध्वनी आउटपुट 'पासथ्रू'वर (आवाज न बदलता रिसीव्हरकडे पाठवण्याच्या सेटिंगवर) नेईपर्यंत मला आठवडाभर निव्वळ स्टिरिओच मिळत होता. दर्जा मात्र लहरी. नव्या मिश्रणात कित्येक जुन्या गाण्यांचा आवाज मागे ढकललाय आणि ड्रमचा दणका गेलाय. मूळ स्टिरिओ लावला की हायसं वाटतं.

स्टिरिओला पाचांवर पसरवणारे मोड मी बंदच ठेवतो. एकदा ख्यालाचं जुनं मुद्रण तसं लावून पाहिलं. तानपुरा अलगद माझ्या पाठीमागे गेला. मैफलीत तो गायकाच्या मागे असतो, म्हणजे गायला मीच बसलोय अशी परिस्थिती. पाच मिनिटं बरं वाटलं, मग तबला कुठे ठेवावा हे यंत्राला कळेना. स्वयंपाकघरात काम करताना पाची स्पीकरवर सारखाच स्टिरिओ वाजवणारा मोड आहे, तेवढा बायकोच्या पसंतीचा.

खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वेळ मी अजूनही दोन स्पीकर आणि सबवूफरवरच ऐकतो. माझा संग्रहच तसा आहे. हौसेने पाच घेण्यापूर्वी आपल्याला ऐकायचंय ते सराउंडमध्ये आहे का, याची यादी करा. मी ती नंतर केली आणि ती एका पानात संपली. त्या पानावरचं लागतं तेव्हा मात्र फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बसतो.

सोफ्याच्या पायांची जागा फरशीवर रंगीत चिकटपट्टीने आखलीय, कारण झाडताना तो रोज बोटभर सरकतो. मी रोज परत आणतो. छताच्या स्पीकरांचा विषय मागच्या महिन्यात काढून पाहिला. बायकोने आधी छताकडे पाहिलं, मग त्या चिकटपट्टीकडे.