गॅस संपला नव्हता, कॉम्प्रेसर बदललाच नव्हता: गाडीच्या एसीच्या नावाखाली झालेली फसवणूक

खान्देशात चारचाकी असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहितो आहे. वैशाखात जळगावला पारा ४२-४३ ला सहज जातो, भुसावळकडे ४५ च्याही पुढे. घरात म्हातारी माणसं आणि लहान लेकरं असतील तर गाडीचा एसी ही चैन राहत नाही. नेमकी याच दिवसांत आखाजी (अक्षय्य तृतीया) असते, लग्नसराई असते, लेकीबाळींना माहेरी आणायचं असतं. गाडीवाचून अडतं, आणि कुणाचं किती अडलंय हे काही गॅरेजवाले बरोबर ओळखतात.

आमच्या गाडीचं दुखणं असं होतं. गावाबाहेर पडून विदगावच्या रस्त्याला लागलं की एसी मस्त गार. अजिंठा चौफुलीला किंवा आकाशवाणी चौकात गाडी अडकली की थोड्याच वेळात हवा कोमट व्हायची आणि टेंपरेचरचा काटा मधली रेघ सोडून वर सरकायचा. गाडी पळायला लागली की पुन्हा गार. सगळा उलगडा या एका लक्षणातच होता. मी ते गॅरेजवाल्याला जसंच्या तसं सांगितलं होतं, म्हणून त्याला कळलंच नसेल असं मी मानत नाही.

त्याने बोनेट उघडलं, एसीच्या पाइपला हात लावला आणि म्हणाला, "दादा, गॅस कमी झालाय." मागच्या सिलिंडरमधून नळी जोडून गॅस भरला. वजनकाटा नाही, व्हॅक्यूम (पंपाने पाइपांतली हवा ओढून काढणं) नाही, लीक कुठे आहे याची तपासणी नाही. २,४०० रुपये घेतले. चाचणी म्हणून दिवस मावळल्यावर हायवेला एक चक्कर मारून आणली. गाडी अर्थातच गार होती. त्या वेळी, त्या वेगात ती आधीही गारच असायची.

आखाजीच्या तोंडावर पुन्हा तेच सुरू झालं. आत्याला चोपड्याहून आणायचं होतं, म्हणून आमचे अण्णा गाडी घेऊन परत त्याच गॅरेजात गेले. या वेळी त्याने गॅसचं प्रेशर मोजायचे गेज लावले आणि अण्णांना काटे दाखवले. "काका, हे बघा, दोन्ही काटे सारखे. म्हणजे कॉम्प्रेसर प्रेशरच बनवत नाहीये. आज नाही बदलला तर जाम होईल, बेल्ट तुटेल, मग इंजिनाचा खर्च." सत्तरीच्या माणसाला एवढं पुरेसं होतं. १७,५०० रुपये झाले. नव्या कॉम्प्रेसरचं खोकं दाखवलं आणि संध्याकाळी गाडी परत दिली. जुना मागितला तर म्हणे तो कंपनीला एक्सचेंजमध्ये जातो. पक्कं बिल नाही, वहीच्या पानावर 'एसी काम' एवढंच लिहिलेलं.

त्या काट्यांबद्दल आधी सांगतो, कारण ही युक्ती फार सफाईदार आहे. गेज लावले तेव्हा इंजिन बंद होतं. एसी बंद असला की थोड्या वेळात दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं होतं, प्रत्येक गाडीत, अगदी शोरूममधून आणलेल्या गाडीतही. आर १३४ए गॅस आत असेल आणि हवा ४० अंशांवर असेल तर बंद गाडीत दोन्ही काटे साधारण १३० पीएसआयच्या आसपास दिसतात. कॉम्प्रेसर खरंच कामातून गेलाय का, हे बघायला इंजिन चालू, एसी चालू आणि कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला इंजिनाच्या बेल्टशी जोडणारा भाग) लागलेला हवा. तेव्हा एक काटा खाली उतरला आणि दुसरा वर चढला तर तो प्रेशर बनवतोय. अण्णांना बंद गाडीचे काटे दाखवून घाबरवलं.

चोपड्यात बाजाराच्या गर्दीत टेंपरेचरचा काटा थेट लाल पट्ट्याकडे गेला. आत्या मागे बसलेली, भर दुपार. अण्णांनी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, हे फार बरं केलं. जवळच गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एक जण होता. त्याने इंजिन निवू दिलं, कुलंट बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "अण्णा, पहिले पंखा फिरस का ते दखा."

इंजिन पुन्हा सुरू करून बघितलं तर पंखा फिरत नव्हता. एसी चालू होता तरी रेडिएटरचा पंखा जागचा हललेला नव्हता.

पुढचं सगळं अण्णांनी समोर उभं राहून पाहिलं आणि मला फोनवर दाखवलं. आधी त्याने फ्यूज पाहिला, तो शाबूत. रिले (पंख्याला करंट सोडणारा स्विच) काढून त्याच नंबरचा दुसरा लावून पाहिला, फरक नाही. मग पंख्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) सोडवून बॅटरीवरून दोन वायरी थेट मोटरला दिल्या आणि पंखा सुसाट फिरला. म्हणजे मोटर चांगली. टेस्ट लॅम्प लावला तर वायरिंगमधून सप्लायही येत होता. राहिला मधला कपलर. तो त्याने उलटा करून दाखवला: पांढरं प्लास्टिक एका बाजूने तपकिरी होऊन वितळलेलं, आतली एक पिन सैल आणि काळी पडलेली. धक्का बसला की चिकटायची, तापली की सुटायची, म्हणून पंखा कधी चालायचा आणि कधी नाही. नवा कपलर आणि मजुरी धरून ३५० रुपये झाले.

आता त्या लक्षणाकडे बघा. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. केबिनमधली उष्णता गॅस उचलून आणतो आणि तिथे बाहेर टाकतो, पण त्यासाठी कंडेन्सरमधून हवा खेळती हवी. गाडी पळत असली की समोरून वारा मिळतो. उभी असली की सगळा भार पंख्यावर. पंखा बंद राहिला की गॅसचं प्रेशर चढत जातं आणि प्रेशर सेन्सर कॉम्प्रेसरचा क्लच सोडायला लावतो, सिस्टीम फुटू नये म्हणून. आतमध्ये हवा कोमट होते ती तेव्हा. त्याच पंख्यावर इंजिनाचं कुलंटही निवत असतं, म्हणून काटाही वर जातो. एसी आणि काटा दोन्ही एकदम बिघडले आणि गाडी पळायला लागली की दोन्ही सुधारले, तर संशय आधी पंख्यावर घ्यायचा. एसी चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत पंखा लगेच किंवा थोड्या वेळात सुरू होतो. बोनेट उघडून, हात आणि उपरणं-ओढणी लांब ठेवून नुसतं बघायचं असतं, त्याला एक पैसा लागत नाही. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण मात्र मुळीच उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

मला सगळ्यात जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीचा. त्या वायरिंगवाल्यानेच अण्णांना विचारलं, "कॉम्प्रेसर नवा टाकला म्हणता, मग बोल्टला पाना कुठे लागलाय?" गाडी घरी आल्यावर मी टॉर्च घेऊन खाली वाकून पाहिलं. कॉम्प्रेसर काळा कुळकुळीत चमकत होता. पण त्याला धरणाऱ्या बोल्टांवर जुन्या तेलाचा आणि धुळीचा थर तसाच होता, कडांवर पान्याची एकही ताजी खूण नव्हती. एका पाइपवर आणि बेल्टच्या कडेला काळ्या रंगाचे बारीक शिंतोडे उडालेले. कंपनीच्या स्टिकरवरही रंग मारला गेला होता आणि खालचे आकडे तिरप्या उजेडात वाचता येत होते. कॉम्प्रेसर बदललाच नव्हता. जुन्यालाच स्प्रे मारून १७,५०० रुपये घेतले होते, आणि तेही अशा कॉम्प्रेसरचे की ज्याला काही झालेलंच नव्हतं.

मी मशीन असलेल्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये गॅस काढून मोजून घेतला. बोनेटखालच्या स्टिकरवर आमच्या गाडीला ४२० ग्रॅम लिहिलं आहे. निघाला ६०० ग्रॅमच्या वर. म्हणजे पूर्ण भरलेल्या सिस्टीममध्ये वरून आणखी गॅस कोंबला होता. पंखा बंद आणि गॅस जादा, म्हणजे प्रेशर दुप्पट जोमाने चढणार. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद पाइपांत फिरत राहतो. कालांतराने जोडांतून थोडा झिरपतो हे खरं, पण एका उन्हाळ्यात संपला तर कुठेतरी लीक आहे, आणि ते न शोधता भरलेला गॅस पुन्हा तिथूनच जाणार. योग्य पद्धत म्हणजे आधी लीक बघायचं, मग वीस ते तीस मिनिटं व्हॅक्यूम, मग स्टिकरवरच्या वजनाइतका गॅस वजनकाट्यावर मोजून. काही ठिकाणी स्वस्तात भलताच, पेट घेणारा गॅसही भरून देतात. सिलिंडरवर आर १३४ए लिहिलंय का (नव्या काही गाड्यांना वेगळा गॅस असतो, तेही स्टिकरवर दिसतं) हे स्वतः वाचा.

फोटो घेऊन मी त्या गॅरेजात गेलो. आधी आवाज चढला, मग "पोराने चुकून केलं असेल" झालं. मी भांडलो नाही. बोल्टांचे फोटो, यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद, वर्कशॉपने लिहून दिलेलं गॅसचं वजन, एवढं समोर ठेवलं आणि सांगितलं की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतोय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे त्याला बहुधा ठाऊक असावं, कारण तिथून सूर बदलला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत ती करता येते.

कॉम्प्रेसरचे पैसे त्याने दोन हप्त्यांत अण्णांच्या खात्यावर परत केले. गॅसचे २,४०० अजून दिलेले नाहीत. "गॅस तर भरला होता ना," असं तो म्हणतो. ती तक्रार मी मागे घेतलेली नाही.

तुमच्याकडून कुणी कॉम्प्रेसर, पंख्याची मोटर किंवा कूलिंग कॉइल बदलायचे पैसे मागितले तर काम सुरू होण्याआधी जुन्या पार्टवर मार्करने खूण करा आणि फोटो काढा. तो काढलेला पार्ट हातात घ्या, एक्सचेंजमध्ये द्यायचा असला तर बिलात तसं लिहून घ्या. चाचणी हायवेला नको. भर दुपारी, गाडी उभी करून, एसी फुल ठेवून पंधरा मिनिटं थांबा आणि टेंपरेचरच्या काट्याकडे बघत बसा.