पाठीवर कोणाचं नाव? लीफ्स आणि पँथर्सच्या उन्हाळ्याचा हिशेब

आइस हॉकीचा हंगाम ७ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाला आणि त्याच्या तोंडावर टोरांटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडच्या मराठी घरांत एकच विषय होता: मुलाला जर्सी घ्यायची तर कोणाची? वाद दोन संघांचा होता. एक घरचा, टोरांटो मेपल लीफ्स. दुसरा फ्लोरिडा पँथर्स, ज्यांनी लागोपाठ दोन वर्षं एडमंटनला हरवून स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलं. मे महिन्यात प्लेऑफमध्ये, म्हणजे साध्या हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, याच पँथर्सनी लीफ्सना बाहेर काढलं. मालिकेतला पाचवा आणि सातवा सामना टोरांटोतच झाला आणि दोन्ही लीफ्स ६-१ ने हरले. वर्गातली मुलं आता पँथर्सचं नाव घेतात, यात त्यांचा काय दोष?

जर्सी स्वस्त नसते आणि नाव-नंबर शिवून घेतला की दुकानदार ती सहसा परत घेत नाही. म्हणून खेळाडू किती मोठा हे नंतर बघा, आधी त्याचा करार कुठल्या वर्षापर्यंत आहे ते बघा. हा धडा टोरांटोला यंदा मिच मार्नरने दिला.

मार्नर इथलाच, टोरांटोच्या परिसरात वाढलेला. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तो) चौथ्या क्रमांकावर निवडला गेला, लीफ्सकडून नऊ हंगाम खेळला, ६५७ सामन्यांत ७४१ गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून). गेल्या हंगामात तर १०२. या गावात १६ नंबरच्या निळ्या जर्सी किती असतील, मोजदाद नाही. त्याचा करार ३० जूनला संपत होता. करारात 'नो-मूव्ह'ची अट असल्याने त्याच्या संमतीशिवाय संघ त्याला कुठेही धाडू शकत नव्हता, आणि १ जुलैला तो मोकळा होऊन हवं तिथे जाणार हे दिसत होतं. तेव्हाचा नियम असा की मोकळा झालेला खेळाडू नव्या संघाशी जास्तीत जास्त सात वर्षांचा करार करू शकत होता, आठ वर्षांचा फक्त जुन्या संघाशी. मग मध्यममार्ग निघाला: लीफ्सनी त्याच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरचा करार केला आणि लगेच तो करारासकट व्हेगास गोल्डन नाइट्सला दिला. बदल्यात आला निकोला र्वा. उंच, कष्टाळू सेंटर (आक्रमणातला मधला खेळाडू), गेल्या हंगामात ३१ गुण. काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं, पण १०२ गुणांच्या जागी ३१. मन मानत नाही.

एवढ्यावरून लीफ्सचा उन्हाळा वाया गेला म्हणणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. त्यांचे दोन करार मला मनापासून आवडले. जॉन टव्हारेस आधीच्या करारात वर्षाला १ कोटी १० लाख घेत होता. गेल्या हंगामात ३८ गोल करूनही तो जवळपास ४४ लाखांवर चार वर्षं थांबला. पस्तिशीतला माणूस, दुसरीकडे याहून जास्त नक्की मिळाले असते, तरी राहिला. दुसरा मॅथ्यू नाईज, तेव्हा वय २२, गेल्या हंगामात २९ गोल. त्याला सहा वर्षं, वर्षाला ७७ लाख ५० हजार. धिप्पाड आहे, गोलसमोर पाय रोवून उभा राहतो, तिथून त्याला हटवणं अवघड. लीफ्सना प्लेऑफमध्ये नेमकं हेच कमी पडायचं.

बाकी भरती किरकोळ किमतीची. यूटाकडून मातियास मचेली, व्हँकुव्हरकडून डकोटा जोशुआ, दोघांसाठी पुढच्या वर्षांच्या ड्राफ्टमधल्या खालच्या फेऱ्यांच्या निवडी मोजल्या. मचेलीचा आदल्या वर्षीचा ५७ गुणांचा खेळ परत आला तर हा सौदा फार स्वस्त पडेल. जोशुआने गेल्या वर्षी कर्करोगावर उपचार घेऊन पुनरागमन केलं, त्यामुळे त्याचे गेल्या हंगामातले आकडे बघून निकाल देऊ नये. एकूण चित्र मात्र स्पष्ट आहे: एका कलाकाराच्या जागी तीन-चार राबणारे गडी आणले. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना, पास कोण देणार, याचं उत्तर त्यात नाही.

आता पँथर्स. त्यांचा संघबांधणी करणारा व्यवस्थापक बिल झिटो याच्यापुढे जूनच्या शेवटी तीन मोठी नावं मोकळी होणार होती आणि सगळे म्हणत होते, यातला एक तरी जाणार. एकही गेला नाही. प्लेऑफमध्ये १५ गोल करून सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणारा सॅम बेनेट: आठ वर्षं, वर्षाला ८० लाख. बचावफळीतला आरन एकब्लाड: आठ वर्षं, ६१ लाख. आणि ब्रॅड मार्शंड: सहा वर्षं, ५२ लाख ५० हजार.

हे जमलं कसं? पगाराची कमाल मर्यादा सगळ्या संघांना सारखीच, आयपीएलच्या पर्ससारखी. ती २०२५-२६ साठी ८ कोटी ८० लाखांवरून ९ कोटी ५५ लाख डॉलर झाली, २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख ठरली. म्हणजे आज जड वाटणारा पगार तीन वर्षांनी हलका वाटेल. शिवाय फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, तर ओंटारिओत वरच्या टप्प्यावर निम्म्याहून जास्त कर जातो. तेवढ्याच आकड्यात हातात जास्त पडतं. हा फरक खरा आहे, पण सगळं श्रेय त्याला देणं अन्यायाचं होईल. जिंकणारा संघ सोडवत नाही, हेही तितकंच खरं.

किंमत पुढे मोजावी लागेल. मार्शंड करार करतानाच ३७ वर्षांचा होता, करार संपेल तेव्हा ४३ चा असेल. बॉस्टनकडून चारदा आणि यंदा पँथर्सकडून, असं पाच वेळा त्याने लीफ्सना सातव्या सामन्यात घरी पाठवलंय, त्यामुळे टोरांटोत त्याची जर्सी घालायला वेगळीच हिंमत लागेल. गोलरक्षक सर्गेई बोब्रोव्स्कीही हंगामाच्या तोंडावर ३७ चा, त्याचा वर्षाला १ कोटीचा करार २०२६ च्या उन्हाळ्यापर्यंतचाच. त्याच्या मदतीला आता कोलंबसहून दानील तारासोव्ह आलाय. बचावफळीतला नेट श्मिट यूटाला गेला, त्याची उणीव एका वर्षाच्या करारावर आणलेला अनुभवी जेफ पेट्री भरून काढेल, अशी आशा.

पण कागदावर इतका चोख ठरलेला उन्हाळा २५ सप्टेंबरला एका सरावात डळमळला. कर्णधार अलेक्झांडर बार्कोव्हचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, सात ते नऊ महिने बाहेर. साधा हंगाम एप्रिलमध्ये संपतो, म्हणजे तो जवळपास पूर्णच हातचा गेला. मॅथ्यू कचक याचीही ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली, डिसेंबर २०२५ च्या आसपासपर्यंत तोही नसणार होता. सगळ्यांना टिकवून ठेवण्याचं धोरण बरोबरच होतं, पण त्यातले दोन सर्वांत मोठे खेळाडू बर्फावरच नसतील तर कुठलंच धोरण कामाला येत नाही.

तर घ्यायचं काय? टोरांटोच्या आसपास राहत असाल आणि मुलाला पुढची काही वर्षं सामने बघायला न्यायचं असेल, तर नाईजची २३ नंबरची घ्या. करार २०३१ पर्यंत, वय कमी आणि खेळ वाढता. टव्हारेसची ९१ सुद्धा चालेल, ती २०२९ पर्यंत आहे. ऑस्टन मॅथ्यूजची ३४ सगळे घेतात, तो कर्णधार आहे आणि त्याचे गोल बघायला मजा येते, पण त्याचा करार २०२८ ला संपतो आणि मार्नरचं जे झालं ते बघता मी तरी आत्ता थांबेन.

मुलगा पँथर्सवरच अडून बसला असेल तर समजूत घालत बसू नका, बेनेटची ९ नंबरची आणा. २०३३ पर्यंत चिंता नाही. फक्त लगेच तिसऱ्या कपची आशा त्याला लावू नका. बार्कोव्ह सध्या घेऊ नका असं मात्र मी म्हणणार नाही: त्याचा करारही लांबचा आहे, गुडघा बरा झाला की तो तोच बार्कोव्ह असेल, आणि मार्नरसारखा त्याचाही नंबर १६ च आहे.