रिझॉल्व १९ वरून २० : सात महिने वापरल्यावर, आणि त्याआधी एकदा हात पोळल्यावर

रिझॉल्व या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन टाकावं की थांबावं, असं दोनतीन जण विचारतायत, म्हणून हा अनुभव. आधी माझं काम सांगतो म्हणजे तुमचं तसं नसेल तर वेळ वाया जायला नको. गिरगावात राहतो, लग्न, मुंज, डोहाळजेवण, बारसं सगळं शूट करतो, एडिट घरी बसून, आणि कलर, म्हणजे फुटेजचे रंग नीट करायचं काम, आमचा डोंबिवलीचा पार्टनर करतो. एसएसडीची देवाणघेवाण दादरला पुलावर, तो सेंट्रलने येतो मी वेस्टर्नने, दोन मिनिटं भेटतो, चहा पण नाही. मशीन रायझन ५ ५६००, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० बारा जीबीवाली, लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानं फिरून घासाघीस करून घेतलेली.

डाविंची रिझॉल्व स्टुडिओ आमच्या दोघांकडे आहे, म्हणजे पैसे देऊन घेतलेलं, फ्रीवालं नाही. कंपनीची किंमत २९५ डॉलर, एकदाच भरायचे. मी १७ च्या वेळी घेतलं होतं, त्यानंतर १८, १९, २० सगळं त्याच लायसन्सवर मिळालं, वरती एक पैसा नाही. अडोबीचं, म्हणजे फोटोशॉप-प्रीमियरवाल्यांचं, २०१३ पासून भाड्याचं झालं, सीएस६ हे शेवटचं विकत मिळणारं, तिथे महिन्याचे पैसे जातातच मग नवीन घ्यायला काय जातंय असं होतं. आमच्याकडे तर तेही नाही, फुकटच येतं. आणि खरा लोचा तिथेच आहे, फुकट आहे ना मग टाक, असं म्हणत मी टाकलं.

झालं काय, एप्रिल २०२५ मध्ये २० चा पब्लिक बीटा, म्हणजे सगळ्यांना वापरून बघायला दिलेलं कच्चं व्हर्जन, आला. एप्रिलचा पहिला आठवडा. ज्यांना लग्नाच्या सीझनची कल्पना आहे त्यांना पुढचं सांगायला नको. अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती, त्याच्या आगेमागे आमची पाच लग्नं, दोन आधीच टाइमलाइनवर, म्हणजे एडिटला घेतलेली. आणि मी रात्री दीडला जेवण उरकून बीटा डाऊनलोडला लावला. का? कारण टाइमलाइन अटकत होती आणि मला वाटलं नवीन व्हर्जन आलं की पळेल. दुसरं काही कारण नव्हतं.

बीटा टाकला, प्रोजेक्ट उघडला, अपग्रेड करू का विचारलं, हो म्हटलं. दोन दिवस मस्त काम केलं, सगळा ट्रेलर कापून बसवला, एसएसडी दादरला पार्टनरच्या हातात दिली. रात्री अकराला त्याचा फोन.

"दादा, हे उघडत नाहीये."
"कॉपी नीट झाली नसेल, परत कर."
"कॉपी झालीये. म्हणतंय नवीन व्हर्जनमध्ये बनवलाय. तू काय टाकलंयस?"

मी गप्प. कारण मी त्याला सांगितलंच नव्हतं.

तर एक गोष्ट पक्की, १९ मधला प्रोजेक्ट २० मध्ये उघडतो, पण एकदा २० मध्ये उघडला की तो १९ मध्ये परत उघडत नाही. हे लपवलेलं वगैरे नाही, कंपनीच्या रिलीज नोट्समध्ये सरळ लिहिलेलं आहे, आधी लायब्ररीचा बॅकअप घ्या, प्रोजेक्टचा वेगळा घ्या. मी वाचलं नव्हतं. कोण वाचतं हो.

त्याने पण बीटा टाकावा असं मी म्हणून बघितलं. त्याचं कार्ड जुनं, चार जीबीचं, म्हणजे अगदी किमान जेवढं लागतं तेवढंच, आणि त्याच्या मशीनवर दुसऱ्या एका स्टुडिओचं काम १९ मध्ये अर्ध्यावर होतं, ते तो का धोक्यात घालेल? बरोबरच होतं त्याचं. मग मी एकटाच २० वर कलर करून संपवू म्हटलं तर टायटल-ट्रान्झिशनचा जो पॅक मी विकत घेतला होता तो बीटामध्ये लोडच होईना, जिथे जिथे इफेक्ट होता तिथे साधा कट. विकणाऱ्याला मेल केला तर उत्तर आलं की अपडेट येईल तेव्हा येईल आणि जुन्या ग्राहकांना सवलतीत मिळेल. सवलतीत! म्हणजे मी पुन्हा पैसे द्यायचेच.

शेवटी २० मधून एक्सएमएल काढलं, म्हणजे कट कुठे कुठे आहेत ते सांगणारी फाइल, बीटा उडवला, १९ परत टाकलं. विंडोजवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवायची सोय नाही, नवीन टाकलं की जुनं गेलं. एक्सएमएलमध्ये कट आले, ऑडिओ आला, जिथे स्पीड रॅम्प (शॉटचा वेग कमीजास्त केलेला) होता तिथे गडबड, आणि कलर शून्य. मी केलेला बेस करेक्शन सगळा गेला. तो ट्रेलर पूजेच्या संध्याकाळी पडद्यावर लावायचा होता, मुलीच्या वडिलांना शब्द दिलेला. पार्टनर रात्रभर बसला, सकाळी साडेसहाच्या गाडीने स्वतः घेऊन आला, मला पुलावर दिलं आणि एक शब्द न बोलता परतीच्या फलाटावर गेला. ट्रेलर लागला, काकांच्या डोळ्यात पाणी वगैरे आलं, वरमाला पडतानाच्या शॉटमध्ये चेहरे जरा पिवळे होते ते फक्त आम्हाला दोघांना दिसलं.

आता मूळ आजार, म्हणजे अटकणारी टाइमलाइन. तो व्हर्जनचा नव्हताच. आमचा नवीन कॅमेरा टेन बिट ४:२:२ मध्ये एच.२६५ लिहितो, म्हणजे रंगांची जास्त माहिती घट्ट दाबून भरलेली, आणि हे असलं फुटेज हार्डवेअरवर उलगडायची सोय एनव्हिडियाच्या ३० सीरिजमध्ये नाही, ४० मध्येही नाही, ती आली ५० सीरिजमध्ये. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांत आतल्या ग्राफिक्सवर आहे, पण माझा रायझन. म्हणजे सगळा भार सीपीयूवर, १९ असो की २०. हे मला मे महिन्यात कळलं, तेही लॅमिंग्टन रोडच्याच एका पोराने काउंटरवर उभ्या उभ्या सांगितलं, मी वर्षभर रॅम वाढवू का विचारत फिरत होतो. आता शूटवरून आलो की आधी प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉपी, बनवायला लावतो, हाफ रिझोल्यूशन, रात्री झोपायच्या आधी, सकाळी सगळं लोण्यासारखं पळतं. खर्च शून्य, फक्त हार्डडिस्कवर जागा जाते. तुमचंही फुटेज अटकत असेल तर अपग्रेडच्या आधी कोडेक, म्हणजे कॅमेरा व्हिडिओ कुठल्या पद्धतीने दाबून लिहितो ते, बघा, प्लीज.

२० चं फायनल मेअखेर आलं. आम्ही हात लावला नाही. आषाढी ६ जुलैला झाली, चातुर्मास लागला, लग्नं बंद, तेव्हा दोघांनी एकाच दिवशी टाकलं. त्याआधी सगळ्या चालू-बंद प्रोजेक्टची लायब्ररी बॅकअप, महत्त्वाच्यांची वेगळी एक्सपोर्ट, १९ चा इन्स्टॉलर ड्राइव्हवर ठेवला. पार्टनरने तोवर कार्ड बदललं, तेही सेकंडहँड. मग एका जुन्या मुंजीच्या प्रोजेक्टची कॉपी उघडून चार दिवस नुसतं खेळलो.

तेव्हापासूनचा अनुभव चांगला आहे, खरंच. माझ्या रोजच्या कामात सगळ्यात जास्त फरक नवीन कीफ्रेम एडिटरने (झूम, हालचाल कुठे सुरू कुठे बंद ते ठरवायची जागा) पडला, एडिट पेजवरच कर्व्ह दिसतो, फोटो स्लाइडशो करताना झूम हळू सुरू व्हावा हळू थांबावा हे आधी डोकेदुखी होती. मॅजिक मास्क, म्हणजे चित्रातला एकच भाग वेगळा धरायची सोय, त्याचं नवीन रूप पार्टनरला आवडलं, नवरीच्या शालूवर किंवा चेहऱ्यावर एकदोन ठिकाणी क्लिक केलं की मास्क बऱ्यापैकी धरून राहतो, मुंडावळ्या हलतात तिथे हात फिरवावा लागतो पण ठीक आहे.

मल्टिकॅम स्मार्टस्विच म्हणून एआयचं एक आहे, बोलतंय कोण ते ओळखून कॅमेरा बदलतं. पॉडकास्टला कमाल, अंधेरीच्या एका क्लायंटचं दीड तासाचं रेकॉर्डिंग तीन कॅमेऱ्यांचं, आधी मला अर्धा दिवस लागायचा, आता पहिला कट आपोआप होतो आणि मी फक्त सुधारतो. लग्नात काही उपयोग नाही. मंगलाष्टकं चालू, माइक भटजींकडून आत्याकडे, आत्याकडून मामाकडे, आणि आपल्याला दाखवायचं असतं अंतरपाटामागचं, जिथे कोणी बोलतच नाहीये. ते डोक्यानेच कापायचं.

व्हॉइस आयसोलेशन लोक नवीन व्हर्जनचं म्हणून सांगतात, पण ते १८.१ पासून स्टुडिओत आहे. हॉलमधला जनरेटर आणि सनई मागे ढकलून आजीचे आशीर्वाद ऐकू आणायला मी ते आधीपासून वापरत होतो. म्हणजे त्यासाठी थांबायची किंवा धावायची गरज नव्हती. टायटल मी अजूनही फोटोशॉपात बनवून पीएनजी टाकतो, "चि. सौ. कां." मधली एक वेलांटी हलली तर मुलीची मावशी फोन करते, आणि पीएनजी कुठल्याही व्हर्जनमध्ये हलत नाही.

आता गेल्या आठवड्यापासून दोनतीन जण विचारतायत की थांबू का पुढच्यासाठी. बघा, गेली काही वर्षं यांचं मोठं काहीतरी एप्रिलमध्येच येतं, लास वेगासला नॅबचं, म्हणजे टीव्ही-व्हिडिओच्या साधनांचं, प्रदर्शन असतं त्या सुमारास, २०२२ ला १८, २०२३ ला १८.५, २०२४ ला १९, २०२५ ला २०. त्यांचा एप्रिल म्हणजे प्रदर्शन, आपला एप्रिल म्हणजे मुहूर्त. तुम्ही आज १९ वर असाल आणि हातात एकही प्रोजेक्ट चालू नसेल तर २० आत्ता टाका, आता ते बरंच स्थिर झालंय. चालू असेल तर ते डिलिव्हर करा, पेमेंट घ्या, मग टाका. कोणाबरोबर प्रोजेक्ट वाटून काम करत असाल तर त्याला विचारल्याशिवाय अजिबात नाही. आणि एप्रिलमध्ये जे येईल ते जुलैपर्यंत बघायचंही नाही असं आमचं दोघांचं ठरलंय. मंडळवाले मात्र थोडं आधी बघा, २०२५ ला २७ ऑगस्टलाच गणपती होते, आगमनाच्या रील्स त्याच्याही आधी लागतात, म्हणजे आषाढीनंतर जेमतेम महिना मिळतो.

ट्रान्झिशनचा पॅक मी परत घेतला नाही. डिझॉल्व्हवर भागतंय, एकाही क्लायंटने विचारलेलं नाही.