अँड्रॉइड सोडून आयफोन घ्यावा का? एका मेडिकलवाल्याचा अनुभव

कॅमेरा, स्क्रीन, प्रोसेसर यांवर इथे काही लिहीत नाही. ते यूट्यूबवर भरपूर सापडतं, आणि हे वाचणाऱ्याने ते आधीच पाहिलेलं असणार. माझं औषधांचं दुकान आहे. फोन माझ्यासाठी तराजूइतकाच धंद्याचा भाग आहे: चिठ्ठ्यांचे फोटो, स्टॉकिस्टची ऑर्डर, पैसे देणंघेणं, सगळं त्यावरच चालतं. बरीच वर्षं अँड्रॉइडवर काढल्यावर मी आयफोनवर आलो. आमच्या लाइनमधले बरेच जण बदलावं का म्हणून विचारतात, म्हणून जे अनुभवाला आलं ते सविस्तर लिहितोय. तुमचा फोनचा वापर वेगळा असेल तर निष्कर्षही वेगळा निघू शकतो, हे आधीच सांगतो.

मला बदलायला लावणारा त्रास एकच होता, त्यामुळे त्यावरच जास्त लिहिणार आहे. फोन खिशात किंवा टेबलावर पडलेला असतो. स्क्रीन बंद, इंटरनेट चालू, आवाज चालू, आणि तरी फोन शांत. नंतर केव्हातरी आपण व्हॉट्सअ‍ॅप उघडतो आणि मेसेज धडाधड येऊन पडतात, त्यातले काही तासाभरापूर्वीचे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हेच मी निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनवर लोकांना सोसताना पाहिलंय.

एका दुपारचं उदाहरण देतो. आमच्याकडे दुपारी दुकान बंद असतं. नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या मुलाने त्या वेळात वडिलांच्या इन्सुलिनच्या कार्ट्रिजची चिठ्ठी पाठवली होती, संध्याकाळी न्यायला येतो म्हणून. माझ्याकडे ते कार्ट्रिज शिल्लक नव्हतं. चिठ्ठी वेळेत कळली असती तर स्टॉकिस्टचा पोऱ्या चारच्या फेरीत घेऊन आला असता. मुलगा संध्याकाळी आला तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. त्याने स्वतःचा फोन समोर धरला: चिठ्ठीचा फोटो, खाली दुपारची वेळ आणि एकच करडी टिक. माझा फोन तेव्हा शर्टाच्या खिशात होता, नेटवर्क पूर्ण. मुलगा काही बोलला नाही, दुसरं दुकान गाठायला निघून गेला. रुग्णाच्या औषधाच्या बाबतीत असं झालं की मला फार लागतं.

बिलिंगच्या कंप्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडं ठेवता येतं, आणि २०२१ पासून फोन बंद असला तरी ते तिथे चालतं. मीही ठेवतो. पण दुकान बंद तेव्हा कंप्युटरही बंद.

हे का होतं ते समजून घेतलं, कारण त्याशिवाय दुसरा फोन निवडणं म्हणजे पुन्हा नशिबावर सोडणं. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून डोझ नावाची सोय आहे. फोन न हलता पडून राहिला की पाठीमागे चाललेल्या अ‍ॅप्सचं इंटरनेट आखडतं घेतलं जातं, म्हणजे बॅटरी टिकते. तातडीच्या मेसेजसाठी मात्र गूगलने स्वतंत्र वाट ठेवलेली आहे आणि त्या वाटेने मेसेज झोपलेल्या फोनलाही उठवतो. इथवर सगळं ठीक आहे. अडचण पुढे आहे. बॅटरी जास्त चालते असं दाखवण्यासाठी अनेक कंपन्या यावर आपला आणखी एक थर चढवतात आणि तो थर अ‍ॅपला झोपवण्याऐवजी पार बंदच करून टाकतो. असं बंद पडलेलं अ‍ॅप गूगलच्या वाटेने आलेल्या हाकेलाही उठत नाही. तुम्ही स्वतः ते उघडाल तेव्हाच ते जागं होतं.

यावर उपाय नाहीत असं नाही. सेटिंगमध्ये जाऊन ऑटोस्टार्ट चालू करायचं, बॅटरीच्या पानावर त्या अ‍ॅपपुढचं बंधन काढायचं, रीसेंटच्या यादीत (नुकत्याच उघडलेल्या अ‍ॅप्सच्या) अ‍ॅपला कुलूप लावायचं. मी हे सगळं केलं होतं आणि थोडे दिवस फरकही पडायचा. मग फोनचा अपडेट यायचा, एखादं सेटिंग परत मूळपदावर जायचं, आणि ते कळायचं कधी, तर गिऱ्हाईक येऊन सांगेल तेव्हा. प्रत्येक कंपनीने ही सेटिंगं वेगळ्या जागी, वेगळ्या नावाने ठेवलेली. ‘डोंट किल माय अ‍ॅप’ नावाची एक साइट आहे, अ‍ॅप बनवणाऱ्यांनीच चालवलेली. कुठल्या कंपनीच्या फोनवर काय काय बदलावं लागतं ते तिथे कंपनीवार दिलेलं आहे. अशी साइट काढायची वेळ यावी यातच काय ते आलं.

आयफोनची रचना मुळात वेगळी आहे. तिथे फोनची सिस्टीमच अ‍ॅपलच्या सर्व्हरशी एक जोडणी कायम धरून ठेवते. सगळ्या अ‍ॅप्सच्या सूचना तिथून येतात आणि सिस्टीमच त्या पडद्यावर दाखवते. अ‍ॅप चालू असण्याची गरज नसते. रीसेंटमधून वर सरकवून काढून टाकलं तरी मेसेजची सूचना येते. म्हणजे बिघडण्यासारखं ते सेटिंगच तिथे नाही. सूचना तात्पुरत्या गप्प करणारा फोकस आणि ठरावीक वेळी एकगठ्ठा सूचना देणारा समरी हे दोन पर्याय तेवढे तपासून घ्या, कारण ते चालू असले तर सूचना मागे राहतात. मी काही वेळ लावून मोजदाद केलेली नाही. पण आयफोन आल्यापासून ‘चिठ्ठी पाठवली होती, बघितली नाहीत का’ हे वाक्य दुकानात ऐकल्याचं मला आठवत नाही, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

आता जे गमावलं ते. हेही कमी नाही.

सर्वात आधी हाताला खटकतं ते मागे जाणं. अँड्रॉइडवर दोन्हीपैकी कुठल्याही कडेने बोट सरकवलं की मागचं पान येतं, कुठेही असलात तरी. आयफोनवर ते बहुधा डाव्या कडेनेच, आणि तेही प्रत्येक अ‍ॅपमध्ये चालेल असं नाही. कुठे वर कोपऱ्यात बाण, कुठे फुली, कुठे खाली ओढायचं. डाव्या हातात फोन धरून उजव्या हाताने औषधं काढणाऱ्या माणसाला हे जाणवतं. सवय होते, पण अँड्रॉइडची पद्धत चांगली आहे हे माझं मत बदललेलं नाही. सूचनांची मांडणीही अँड्रॉइडवर जास्त नीट आहे. आयफोनवर त्या वेळेवर येतात, पण दिवसअखेर त्यांचा ढीग होतो.

ज्यांच्याकडे ब्लूटूथचा छोटा बिल प्रिंटर आहे त्यांनी तर फोन घ्यायच्या आधी तो बरोबर घेऊन जाऊन जोडून बघावा. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालणाऱ्या उपकरणाला आयफोनशी बोलायला अ‍ॅपलची मान्यता लागते, आणि स्वस्तातल्या प्रिंटरकडे ती बहुधा नसते. अँड्रॉइडला तो लगेच जोडला जातो. फायलींचंही तसंच. आलेली पीडीएफ कुठे साठली हे अँड्रॉइडवर चटकन सापडतं आणि केबल लावली की विंडोजच्या कंप्युटरवर फोल्डर उघडतं. आयफोनवर फाइल्स नावाचं अ‍ॅप आहे आणि कामही होतं, फक्त दोन पावलं जास्त चालावं लागतं.

मराठी लिहिण्याबद्दल. टाइप करून लिहिणाऱ्यांची अडचण होणार नाही. आयफोनचा स्वतःचा मराठी कीबोर्ड आहे, इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाराही आहे, आणि गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्डही टाकता येतो. बोलून लिहिणाऱ्यांनी मात्र थोडं थांबावं. गूगलने मराठी बोलून लिहिण्याची सोय २०१७ मध्ये आणली आणि अँड्रॉइडवर ती हाताशी असते. आयफोनवर बाहेरच्या कीबोर्डला माइक थेट वापरू दिला जात नाही, त्यामुळे जीबोर्डवर तितकी सहजता मिळत नाही. माझी आई सगळे मेसेज बोलूनच लिहिते. तिला मी अँड्रॉइडच ठेवलाय, आणि तिच्या फोनवरची सेटिंगं वेळ काढून मीच बघतो.

कॉल रेकॉर्डिंगवर धंद्यातले लोक अडून बसतात, म्हणून तेही. गूगलने मे २०२२ पासून प्ले स्टोअरवरच्या बाहेरच्या रेकॉर्डिंग अ‍ॅप्सचा रस्ता बंद केला. आता अँड्रॉइडवर ते फोनच्या स्वतःच्या डायलरवर, म्हणजे कॉल लावायच्या अ‍ॅपवर, अवलंबून आहे, आणि गूगलच्या डायलरमध्ये रेकॉर्डिंग सुरू झाल्याचं समोरच्याला ऐकू जातं. आयफोनवर २०२४ मध्ये आयओएस (आयफोनची सिस्टीम) १८.१ बरोबर रेकॉर्डिंग आलं, तेही समोरच्याला सांगूनच. मला ते योग्यच वाटतं.

दुकानाचा आणि घरचा असे दोन नंबर असतील तर आयफोनवर व्हॉट्सअ‍ॅप आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अशी दोन अ‍ॅप्स ठेवून काम भागतं. अँड्रॉइडवर अनेक कंपन्या एकाच अ‍ॅपची जोडप्रत काढून देतात, तशी आयफोनवर मिळत नाही. तीन नंबर सांभाळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

बदलायचं ठरलंच तर तो दिवस नीट निवडा. व्हॉट्सअ‍ॅपचं जुनं संभाषण अँड्रॉइडवरून आयफोनवर न्यायची अधिकृत सोय २०२२ पासून आहे, ‘मूव्ह टू आयओएस’ या अ‍ॅपमधून. अट अशी की आयफोन कोरा हवा, म्हणजे नवीन किंवा पुसून मूळ स्थितीला आणलेला. आधी फोन चालू करून वापरायला लागलात आणि मग चॅट आणायला गेलात तर पुन्हा पुसावा लागतो. अँड्रॉइडचा बॅकअप गूगलकडे असतो आणि आयफोनचा अ‍ॅपलच्या आयक्लाउडवर, त्यामुळे एकीकडचा बॅकअप दुसरीकडे उघडत नाही. आयक्लाउडवर फुकट जागा ५ जीबीच आहे, गूगलकडे १५ जीबी, म्हणजे महिन्याला थोडे पैसे आयक्लाउडसाठी जाणार हे गृहीत धरा.

यूपीआयसाठी तर कॅलेंडर पाहूनच दिवस ठरवा. नवीन फोनवर नंबर पुन्हा पडताळावा लागतो. त्यासाठी जो एसएमएस जातो तो अँड्रॉइडवर अ‍ॅप स्वतःच पाठवतं. आयफोन कुठल्याही अ‍ॅपला परस्पर एसएमएस पाठवू देत नाही, म्हणून तयार मजकूर समोर येतो आणि सेंड आपण दाबायचं असतं. त्यातलं एकही अक्षर बदलू नका, आणि दोन सिम असतील तर बँकेला दिलेल्या नंबरवरूनच तो जातोय हे पाहा. यूपीआय पिन जुनाच राहतो. पण त्यानंतर बऱ्याच बँकांमध्ये पैसे पाठवण्यावर ५,००० रुपयांची मर्यादा येते: अँड्रॉइडवर साधारण २४ तास, आयफोनवर ७२ तास. क्यूआरवर येणारे पैसे येत राहतात, अडतं ते आपण द्यायचं असलेलं. स्टॉकिस्टचं बिल भरायच्या आठवड्यात फोन बदललात तर धावपळ होईल. महिन्याच्या मधला एखादा शांत शनिवार बरा, आणि जुना फोन लगेच विकू नका.

सिमची एक गोष्ट परदेशातून फोन मागवणाऱ्यांसाठी. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या १४ मॉडेलपासून सिम घालायची जागाच नाही, सगळं ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या, काढता न येणाऱ्या सिमवर. तिकडे असलेला भाचा-पुतण्या स्वस्तात आणून देतो म्हणाला तर तुमची सिम कंपनी ई-सिम देते का आणि तुम्हाला ते चालेल का, हे आधी बघा. फोन बिघडल्यावर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकायची सवय असलेल्यांना ई-सिम जड जातं. जुना आयफोन घेणार असाल तर १५ किंवा त्यापुढचा बघा, कारण टाइप-सी केबल तिथून सुरू होते आणि घरातल्या बाकी चार्जरशी जुळते.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. आयफोन महाग आहे, आणि ओढाताण करून हप्त्यावर घ्यावा असं मी कुणालाही सांगणार नाही. टिकण्याच्या बाबतीत मात्र तो पैसे फेडतो. २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ ची आयओएस २६ मिळाली. अँड्रॉइडमध्येही आता गूगलच्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगच्या एस २४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन आहे, पण ते महागड्या फोनांवर. दहा-पंधरा हजारांच्या फोनवर तेवढी अपेक्षा ठेवू नये.

तेव्हा ज्यांचं काम प्रिंटर, फायली, बोलून लिहिणं किंवा तीन-चार नंबर यांवर चालतं, त्यांनी अँड्रॉइडवरच राहावं असं मला वाटतं. ज्यांना वेळेवर कळणं महत्त्वाचं आहे, म्हणजे डॉक्टर, मेडिकलवाले, लॅबवाले, घरी आजारी माणूस असलेले, त्यांच्यासाठी माझं मत आयफोनकडे झुकतं.

आणि अँड्रॉइडच घ्यायचा असेल तर ओळखीच्या कुणाकडे ते मॉडेल असेल त्याला एक विनंती करा. रात्री झोपताना त्याने फोन चार्जरवरून काढून नुसता टेबलावर ठेवायचा आणि सकाळी हात लावायचा नाही. पहाटे तुम्ही त्याला एक मेसेज पाठवा आणि तुमच्या फोनवर दुसरी टिक कधी उमटते ते बघा. लगेच उमटली तर फोन घ्यायला हरकत नाही. तो उठून व्हॉट्सअ‍ॅप उघडेपर्यंत एकच टिक राहिली, तर दुकानदार कितीही सूट देत असला तरी दुसरं मॉडेल बघा.