रिव्ह्यू: कॉलेजला सवलतीत मिळणारं चिप डिझाईनचं लायसन्स (आणि ते सांभाळणारे काका)

आधीच सांगते, हा रिव्ह्यू सॉफ्टवेअरचा नाहीये. सॉफ्टवेअर भारीच आहे, जगभरच्या चिप त्याच्यावर बनतात, त्याला स्टार देणारी मी कोण. हा रिव्ह्यू आहे ते सॉफ्टवेअर कॉलेजात बसून पीएचडी करणाऱ्या माणसाच्या स्क्रीनवर येईपर्यंत जे काय काय होतं त्याचा. मी राहते ठाण्याला, नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि तिथल्याच रिसर्च सेंटरला पार्ट टाईम पीएचडी चालू आहे. चालू आहे म्हणजे रजिस्ट्रेशन चालू आहे. विषय एडीसी, सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारं सर्किट, तेही अगदी कमी पॉवरवर चालणारं. ऐकायला सोपं वाटतं, चार वर्षं गेलीत.

तर मागच्या पावसाळ्यात आमच्या लॅबच्या सर्व्हरचा मदरबोर्ड गेला. काकांनी (आमचे लॅब असिस्टंट, अख्खं कॉलेज त्यांना काकाच म्हणतं) दोन दिवसात लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड आणला, बसवला, मशीन चालू. टूल उघडायला गेले तर एरर, मायनस ९, इनव्हॅलिड होस्ट. झालं असं की ही सगळी टूल्स फ्लेक्सएलएम नावाच्या लायसन्स मॅनेजरवर चालतात आणि लायसन्सची फाईल त्या सर्व्हरच्या मॅक अॅड्रेसला (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) बांधलेली असते, बोर्ड बदलला म्हणजे त्यावरचं लॅन बदललं, लॅन बदललं म्हणजे मॅक बदलला, आणि कंपनीच्या हिशोबाने हा वेगळाच सर्व्हर. मग नवी फाईल मागवायची. याला रीहोस्ट म्हणतात. काम किती? कोणीतरी पोर्टलवर जाऊन जुना नंबर काढून नवा टाकायचा. आम्हाला लागले १९ दिवस.

आमचा रिसेलर महापेला बसतो, नाव घेत नाही. पहिल्या मेलला चार दिवस उत्तर नाही. मग उत्तर आलं की जुना बोर्ड खरंच निकामी झाला असं लेटरहेडवर प्रिन्सिपलच्या सहीशिक्क्यानिशी पत्र द्या. ते एक वेळ समजू शकते, नाहीतर लोक एका लायसन्सवर दोन सर्व्हर चालवतील. पण प्रिन्सिपल सर कुठल्यातरी कमिटीवर बाहेरगावी. ते आले, पत्र गेलं, तर उत्तर: मॅडम तुमचं एएमसीचं (वार्षिक देखभालीचं) बिल पेंडिंग दिसतंय. अकाउंट्सला विचारलं तर म्हणे बिलच आलेलं नाही. शेवटी घणसोलीला उतरून रिक्षा करून मी स्वतः तिथे गेले, तिथल्या एका पोराने चहा पीत पीत दहा मिनिटात फाईल काढून पेन ड्राईव्हवर दिली. दोन स्टार, दोन्ही त्या पोराचे.

नवी फाईल काढताना मात्र काकांनी डोकं लावलं. ऑनबोर्ड लॅनचा मॅक दिलाच नाही, वेगळं लॅन कार्ड लावून त्याचा दिला. आता बोर्ड जळला तरी कार्ड उपटून दुसऱ्या बोर्डात बसवायचं. तुमच्या कॉलेजात नवीन लायसन्स येत असेल तर रिव्ह्यूचं बाकी काही वाचू नका, एवढं करा.

आता सवलतीचं. बाहेरच्या कंपनीला ही टूल्स सीटमागे (म्हणजे एका वेळी वापरणाऱ्या एका माणसामागे) वर्षाला लाखांत पडतात. कॉलेजला तेच त्याच्या छोट्याशा तुकड्यात मिळतं, तेही एकेक टूल नाही तर अख्खा बंडल. कंपन्या काही दानधर्म करत नाहीत, पोरं ज्याच्यावर शिकतात तेच पुढे नोकरीत मागतात, सरळ हिशोब. पण स्वस्त असूनही कॉलेजात ते घेणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहिती. पर्चेस कमिटी म्हणते तीन कोटेशन आणा. अहो, वस्तू एकाच कंपनीची, इकडचा रिसेलर एकच, तीन कोटेशन कुठून आणू? मग सिंगल सोर्स का, याचं सर्टिफिकेट लागतं, त्याचा मसुदा कोणाकडेच नसतो, मी दुसऱ्या डिपार्टमेंटच्या स्पेक्ट्रोमीटरच्या फाईलमधून उचलला. वर १८ टक्के जीएसटी. पूर्वी डीएसआयआरकडे (केंद्राचा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभाग) नोंदणी असलेल्या संशोधन संस्थांना असल्या सॉफ्टवेअरवर ५ टक्केच लागायचा, जुलै २०२२ पासून ती सवलत गेली, तरी आमच्या अकाउंट्सच्या एक्सेलमध्ये अजून ५ टक्केच आहे आणि दरवर्षी मार्चमध्ये त्यावरून नव्याने भांडण होतं.

अटींबद्दल फार कोणी बोलत नाही म्हणून जरा थांबून लिहिते. अॅकॅडमिक लायसन्स म्हणजे शिकवणं आणि स्वतःचं संशोधन, बस. रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीने आमच्या एचओडींना विचारलं की आमचा लेआउट (चिपचा नकाशा) तुमच्या टूलवर तपासून द्या, पैसे देतो. सर तयार झालेले. मी म्हटलं सर हे कन्सल्टन्सीत येतं, चालत नाही, तर चेहरा पडला. पण ऐकलं, हे त्यांचं चांगलं. काही ठिकाणी टीचिंगचं आणि रिसर्चचं लायसन्सही वेगळं असतं, क्लासमध्ये वापरायचं ते पेपरसाठी वापरलं तर ते अटींबाहेर. आणखी एक गंमत, बऱ्याच करारांत कलम असतं की दोन टूल्सची वेगाची तुलना करून छापायची नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने हौसेने अख्खं टेबल केलेलं, हे टूल इतक्या सेकंदात, ते टूल तितक्या. काढायला लावलं. बिचारा दोन दिवस बोलला नाही.

सीट्सचा प्रश्न तर रोजचाच. आमच्याकडे लेआउट तपासायच्या टूलच्या मोजक्याच सीट्स. पोरं टूल उघडून कँटीनला जातात, सेशन तसंच चालू, सीट अडकलेली, आणि इकडे मला मायनस ४, सगळी लायसन्स वापरात. काका मग एलएमस्टॅट नावाची कमांड मारून बघतात कोणत्या मशीनवर कोण बसलंय आणि मग कॉरिडॉरमधून नावानिशी हाक. सबमिशनच्या आठवड्यात मी सकाळी ७ ला लॅबमध्ये असते, ठाण्याहून रिकामी लोकल पण मिळते आणि रिकामी सीट पण.

इथवरचं सगळं कॉलेजने स्वतः विकत घेतलेल्या बंडलबद्दल. दुसरा रस्ता सरकारी, आणि हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल पण माझ्या अनुभवात तोच बरा निघाला. इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालयाचा चिप्स टू स्टार्टअप नावाचा कार्यक्रम आहे, २०२२ पासूनचा, ५ वर्षांसाठी २५० कोटी आणि ८५,००० इंजिनिअर तयार करायचं टार्गेट. त्यात सी-डॅक या सरकारी संस्थेच्या बंगळुरू केंद्रात चिपइन सेंटर उभं केलंय. सिनॉप्सिस, केडन्स, सीमेन्स वगैरे कंपन्यांची टूल्स तिथून देशभरातल्या कॉलेजांना लांबून वापरायला मिळतात. सुरुवातीला शंभरेक संस्था होत्या, नंतर वाढत गेल्या. कल्पना तशी नवीन नाही, व्हीएलएसआयसाठी (म्हणजे चिप डिझाईनसाठी) मनुष्यबळ तयार करायचा सरकारी कार्यक्रम १९९८ पासून आहे, पण तेव्हा तो मोजक्या संस्थांपुरता असायचा आणि आमच्यासारख्या कॉलेजातल्यांनी आयआयटीतल्या मित्राला फोन करायचा, बाबा रात्रीचं एक लॉगिन दे.

माझी युरोपात पोस्टडॉक करणारी मैत्रीण म्हणते की तिकडे हे १९९५ पासून आहे, युरोप्रॅक्टिस नावाने, विद्यापीठाने वर्षाची मेंबरशिप भरायची आणि अॅकॅडमिक दरात वेगवेगळ्या कंपन्यांची टूल्स घ्यायची, सॉफ्टवेअरचा कारभार इंग्लंडमधल्या रदरफर्ड अॅपलटन लॅबमधून चालतो. तिला रीहोस्ट म्हणजे काय हेच माहिती नव्हतं. मी दोन मिनिटं गप्प.

चिपइनचा अनुभव सांगायचा तर टूल्स पूर्ण, आणि आमच्या पैशातून एक रुपया नाही. अडचण आली ती आमच्याच दारात. बंगळुरूच्या सर्व्हरशी बोलायला कॉलेजचा स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) लागला, फायरवॉलमध्ये पोर्ट (ये-जा करायची दारं) उघडून द्यावे लागले, आणि आमचा नेटवर्कवाला म्हणे पोर्ट उघडला की हॅकर येतील. तीन आठवडे हॅकर येतील. मग काकांनी त्याला समोर बसवून दाखवलं की फक्त त्या एका पत्त्यासाठीच उघडायचंय. त्यात भर म्हणजे मशीनवर सेंटओएस ७ ही जुनी लिनक्स, जिचा सपोर्ट जून २०२४ लाच संपला, टूलची नवी व्हर्जन त्याच्यावर रडायला लागली, मग सगळी मशीन्स रॉकी लिनक्सवर नेली. दिवाळीची सुट्टी त्यात गेली, काकांची आणि माझी. फराळाचा डबा लॅबमध्येच उघडला. आणि हो, आमच्याकडे हे कॅम्पसमधूनच चालतं, ठाण्याला घरी बसून रात्री सिम्युलेशन बघीन म्हणाल तर विसरा.

या रस्त्याचा खरा फायदा पुढे आहे. सहभागी संस्थांची डिझाईन्स मोहालीच्या एससीएलमध्ये (सरकारी चिप कारखाना) १८० नॅनोमीटरवर प्रत्यक्ष बनवून मिळतात, हा आकडा जितका लहान तितकी चिप बारीक. १८० म्हटलं की पोरं हसतात, मॅडम मोबाईलमध्ये ३ चालतंय. मोबाईलमध्ये चालू दे. माझ्यासारख्या अॅनालॉगवाल्याला १८० म्हणजे सुख आहे, व्होल्टेजला जागा मिळते, लीकेज कमी. २०२५ च्या सेमिकॉन इंडियात दाखवलेला इस्रोचा विक्रम ३२०१ प्रोसेसर पण तिथलाच, १८० चाच. फक्त फॅबची (चिप बनवणाऱ्या कारखान्याची) डिझाईन किट, म्हणजे तिथे काय कसं बनतं याच्या फाईल्स, मिळायला गुप्ततेचा करार करावा लागतो, त्यावर संस्थाप्रमुखाची सही, म्हणजे परत प्रिन्सिपल सरांच्या केबिनबाहेरची ती लाकडी खुर्ची. साडेचार स्टार. अर्धा आमच्या फायरवॉलने खाल्ला.

तिसरा रस्ता फुकटचा. याला नावं ठेवणाऱ्यातली मी नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या प्रकल्पाने काढलेलं ईसिम हे सर्किटचं सॉफ्टवेअर मी सेकंड इयरला शिकवते, ते कायकॅड आणि एनजीस्पाईस या फुकटच्याच टूल्सवर उभं आहे, आणि पोरांना घरच्या लॅपटॉपवर चालतं हे फार मोठं आहे, कुठला मॅक नाही, कुठली सीट नाही. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटरने १३० नॅनोमीटरची डिझाईन किट खुली केली, तेव्हापासून फुकटच्या टूलवरही खरी चिप काढता येते. पण त्या किटवर स्वस्तात चिप काढून देणारी एफाबलेस कंपनी मार्च २०२५ मध्ये बंद पडली आणि आमच्या दोन एमटेकवाल्यांचं प्लॅनिंग कोसळलं. शिकायला चार स्टार. पीएचडीला मी नाही धजणार, फुकटच्या टूलचे आकडे रिव्ह्यूअरला समजावत बसायला माझ्याकडे आणखी चार वर्षं नाहीत.

मेकॅनिकलवाल्यांचं विचाराल तर शेजारच्या लॅबमधले सर अॅन्सिस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या फुकट स्टुडंट व्हर्जनवर हीट सिंक करायला बसले होते, स्ट्रक्चरलला १,२८,००० नोडची मर्यादा आहे, त्यांचा मेश (वस्तूचं बिंदू-बिंदूंत पाडलेलं जाळं, ते बिंदू म्हणजे नोड) तिथपर्यंत पोचायला एक दुपार पुरली. आता ते पण पर्चेस कमिटीकडे गेलेत. मी त्यांना माझं सिंगल सोर्सचं सर्टिफिकेट दिलंय, स्पेक्ट्रोमीटर शब्द खोडून घ्या म्हटलं.

आता खरं टेन्शन वेगळंच आहे. काका मे महिन्यात रिटायर होतायत. सर्व्हरचा रूट (मुख्य) पासवर्ड, लॅन कार्डचा मॅक, महापेच्या त्या पोराचा मोबाईल नंबर, बंगळुरूचा हेल्पडेस्क कुठल्या वेळी पटकन उत्तर देतो, सगळं त्यांच्या एलआयसीच्या डायरीत पेन्सिलने लिहिलंय. त्यांच्या जागी माणूस भरायचा प्रस्ताव मी डिसेंबरात दिला, अजून वर गेलेला नाही. परवा मी डायरीचे फोटो काढायला गेले तर काका म्हणाले, अहो मॅडम, सगळं बरोबर असेल असं समजू नका, मार्चमधला पासवर्ड मी मुद्दाम उलटा लिहिलाय.