मेमरी क्लिनिकमधील पहिली तपासणी : काय चांगले, काय अपुरे

मेमरी क्लिनिकमध्ये, म्हणजे विसरभोळेपणाची तक्रार असलेल्यांची स्मृती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या दवाखान्यात, जाऊन आलेले बहुतेक लोक चाचणीत किती गुण मिळाले एवढेच सांगतात. माझ्या मते ही सेवा जोखायची असेल, तर चाचणीच्या आधी काय विचारले जाते आणि नंतर काय समजावून सांगितले जाते हे पाहायला हवे. वडिलांना घेऊन मी ज्या क्लिनिकमध्ये गेले, त्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण यात कौतुकाइतकीच तक्रारही आहे.

सर्वांत चांगला भाग म्हणजे वडिलांच्या संमतीने डॉक्टरांनी माझ्याशी केलेले स्वतंत्र बोलणे. आठ प्रश्नांची ‘एडी-८’ नावाची एक प्रश्नावली असते. तिच्यात जवळच्या माणसाने, रुग्ण आज कसा आहे यापेक्षा गेल्या काही वर्षांत त्याच्यात बदल झाला आहे का, हे सांगायचे असते, आणि दोन किंवा अधिक बाबतींत बदल आढळल्यास पुढील तपासणी करावी असे मानले जाते. डॉक्टर त्या कागदावर थांबले नाहीत. तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारतात का, पैशांचे व्यवहार आता कोण पाहते, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतात का, असे एकेक विचारून प्रत्येक वेळी त्यांनी उदाहरण मागितले. चष्मा कुठे ठेवला हे कोणीही विसरतो. पण आठवण करून दिल्यावर ‘अरे हो’ म्हणणारा माणूस आणि असे बोलणे झालेच नव्हते असे ठामपणे सांगणारा माणूस यांत फरक आहे, आणि डॉक्टर नेमका तोच फरक शोधत होते.

चाचणी ‘मोका’ या नावाने ओळखली जाणारी होती. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेली ही 30 गुणांची चाचणी साधारण दहा मिनिटांत होते, 26 किंवा त्याहून अधिक गुण सामान्य धरले जातात, आणि 1975 च्या ‘एमएमएसई’ या अशाच जुन्या चाचणीपेक्षा ती सुरुवातीचा, सौम्य बदल अधिक चांगला टिपते. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितल्यावर वडिलांनी वर्तुळ नीट काढले, आकडेही जागच्या जागी लिहिले, पण मिनिटकाटा दोनऐवजी थेट दहाच्या आकड्यावर नेला. ‘दहा’ ऐकले की हात दहाकडे ओढला जातो आणि तो ओढा थोपवून विचार करण्याची क्षमता इथे तपासली जाते, हे मला तिथेच कळले. पाच शब्द लक्षात ठेवण्याचा भागही वरवर दिसतो तितका साधा नाही : शब्द आठवला नाही तर सूचक इशारा दिला जातो, त्यावर गुण मिळत नाहीत, मात्र इशाऱ्याने शब्द आठवला तर तो मनात नोंदला गेला होता, फक्त बाहेर काढता येत नव्हता, असा अंदाज बांधता येतो. (ते शब्द मी इथे देत नाही, पाठ करून गेलेल्याची चाचणी निरुपयोगी ठरते.)

तक्रार आहे ती परिस्थितीबद्दल. वडिलांना कमी ऐकू येते, पण श्रवणयंत्र लावले आहे का, हे कोणी विचारले नाही, आणि शेजारच्या स्वागतकक्षातला फोन सतत वाजत होता. जे शब्द नीट ऐकूच आले नाहीत, ते न आठवल्याचा दोष स्मृतीवर कसा टाकायचा? भरीस भर म्हणून 23 गुणांचा कागद डॉक्टरांच्या आधी बाहेरच्या कर्मचाऱ्याने वडिलांच्याच हातात दिला, आणि खुलासा होईपर्यंतचा वेळ आम्ही दोघांनीही विनाकारण धास्तीत घालवला.

खुलासा मात्र उत्तम होता. केवळ या गुणांवरून निदान होत नाही, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास यांनीही स्मृती मंदावते, म्हणून आधी रक्ततपासणी आणि मेंदूचे स्कॅन करायचे, असे डॉक्टरांनी वडिलांकडे पाहून, वडिलांनाच सांगितले. चालू औषधांच्या पट्ट्या त्यांनी एकेक करून पाहिल्या; झोपेच्या काही गोळ्या आणि ॲलर्जीवरची काही जुनी औषधे वृद्धांची विचारशक्ती मंदावू शकतात. सौम्य बोधनऱ्हास (स्मृती किंवा विचारशक्ती थोडी मंदावणे, पण रोजचे व्यवहार जमणे) असलेल्या प्रत्येकाला पुढे डिमेन्शिया, म्हणजे रोजचे व्यवहारही अवघड करणारा स्मृतिभ्रंश, होतोच असे नाही, काहींची स्थिती वर्षानुवर्षे स्थिर राहते, तर काहींची सुधारतेही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

स्वतःबद्दल शंका असणाऱ्यांनीही इथे जायला हरकत नाही, मात्र आपल्याला बरीच वर्षे जवळून पाहिलेले कोणीतरी सोबत न्यावे. पाचपैकी साडेतीन तारे. पुढची तपासणीही इथेच करून घेणार आहे. शांत खोली मिळावी आणि निकाल डॉक्टरांकडूनच कळावा, या दोन गोष्टी वेळ ठरवतानाच मागून घेईन.