तीर्थनचा ‘जंगली’ ट्राउट निघतो हौदातला

हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाला गळ टाकायच्या नावाखाली पर्यटकांना गंडवलं जातं ते मुख्यतः मे महिन्यात. आपल्याकडे शाळांना सुट्ट्या लागतात, तेव्हाच तिकडे वरचं बर्फ वितळून नदी फुगलेली असते. दुपारनंतर धार इतकी जोराची की जाणकारालाही मासा लागणं कठीण. तरी जाहिरातीत ‘दुर्गम कॅम्प, मासा हमखास’ असं छापलेलं असतं. वाहत्या नदीतल्या माशाची हमी कोणीच देऊ शकत नाही, खरं तर संशय तिथेच यायला हवा.

पैसे आगाऊ भरून पोचल्यावर कळतं की तंबू गाडीरस्त्याला लागून आहेत. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातला रोल्ला हा पहिला मुक्काम गुशैनी गावाच्या पुढे पायवाटेने गाठावा लागतो आणि आत जायला उद्यानाचा परवाना लागतो. ‘उद्यानाच्या आत’ म्हणत दारापर्यंत गाडी नेणारा थापा मारतोय.

सकाळी हातात देतात तो रॉड पाहा. ट्राउटला सहा-सात फुटांचा हलका रॉड, ४ ते ६ पौंडांचा ताण सोसणारं बारीक तंगूस आणि दोन-तीन ग्रॅमचा स्पिनर, म्हणजे पाण्यात फिरणारं चमकतं आमिष, पुरतो. इथे मिळतं खाडीवर वापरतात तसलं जाड तंगूस, मोठा गळ आणि कणकेची गोळी. नितळ पाण्यात असलं तंगूस ट्राउटला लांबूनच दिसतं. तासाभरात काही लागत नाही, मग ‘आज पाणी बिघडलंय, आमचा खासगी डोह आहे’ म्हणून नदीच्या एका फाट्यावर नेतात. तिथे दगड रचून पाणी अडवलेलं असतं आणि मासे ट्राउट फार्मवरून ड्रममधून आणून सोडलेले असतात. त्यांचे पैसे पुन्हा वेगळे, किलोवर!

हे ओळखणं सोपं आहे. काठावर पाय वाजला की नदीतला ट्राउट दगडाआड पळतो, फार्मवरचा उलट जवळ येतो. त्याच्या लेखी पाऊल म्हणजे खाद्य. मासा हातात आला की पाठीवरचा पर बघा. सिमेंटच्या हौदात घासून आणि एकमेकांनी कुरतडून तो बोथट, झिजलेला असतो, शेपटीच्या कडाही तशाच. शिवाय फार्मवर बहुतेक रेनबो जातीचा ट्राउट पाळतात: अंगावर गुलाबी पट्टा, शेपटीभर काळे ठिपके. तीर्थनमध्ये मुख्यतः ब्राउन जातीचा असतो, इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुल्लूत आणलेला. त्याच्या कुशीवर फिकट कडा असलेले लाल ठिपके दिसतात. पुरात फार्मवरून निसटलेला एखादा रेनबो नदीतही लागतो, पण ओळीने पाच रेनबो, तेही एकाच मापाचे? छे.

सगळ्यात महागात पडतो तो मासेमारीचा परवाना. तो मत्स्य विभाग देतो आणि दिवसाची सरकारी फी किरकोळ असते. कॅम्पवाले त्याच्या कित्येक पट रोख घेतात आणि पावती मागितली की ‘परवाना मालकाच्या नावावर आहे’ म्हणतात. काहीजण तर १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर, म्हणजे ट्राउटच्या विणीच्या बंदीकाळातही बुकिंग घेतात. परवाना गळ टाकणाऱ्याच्या नावाने, तारखेसकट, कागदावर हातात असला पाहिजे. तपासनीस आला की रॉड ज्याच्या हातात, त्यालाच धरतो. कॅम्पचा पोरगा तोवर चहा आणायला गेलेला असतो.